शुक्रवारचं भजन

"येत्या शुक्रवारी तुझं ते भजनी मंडळ आपल्याकडं बोलाव," आत्याबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटायची सोडून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"आपल्याकडं? ते कशाला?"

"कशाला म्हणजे? भजन कशाला करतात? दर शुक्रवारी लोकाच्या घरी जाऊन टाळ कुटतीस, एकदा आपल्या देवापुढं कुटलंस तर झिजशील का?"

"तसं नव्हे, पण बायका बसणार कुठं..."

"सोप्यात बसतील की. एवढा मोठा सोपा काय उंदरांसाठी बांधलाय? भाकरी बघ आधी, करपली."

भाकरी करपलीच होती. मी ती माझ्या ताटात टाकली, दुसरी थापायला घेतली आणि म्हटलं, "तुंगाक्कांना विचारावं लागंल."

"विचार. तुला जमत नसंल तर मी निरोप धाडते."

"नको नको, मीच विचारते."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची रीत. नाव अनसूया, पण कराडच्या आमच्या पेठेत त्यांना सगळे अनसाबाई म्हणायचे आणि जरा दबूनच असायचे. उंच, काटक बाई. पाठ ताठ, शब्दही ताठ. घरात सगळ्यांना वाढायच्या आणि स्वतः ओट्याशी उभ्या राहून जेवायच्या. किती वेळा म्हटलं, आत्याबाई, बसा की पानावर. तर म्हणायच्या, "तुम्ही बसा राजासारखं. मला कामं आहेत." मला वाटायचं, हा टोमणा आहे. मी बसून जेवते म्हणून मला मारलेला.

आता खरं सांगते. आमचं भजनी मंडळ नव्हतंच मुळी. आमच्यातल्या एकीलाही धड गाता येत नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी तुंगाक्कांच्या माडीवर आम्ही चार बायका जमायचो, दार लावून घ्यायचो आणि कण्हायचो.

हसू नका. अगदी मन लावून कण्हायचो.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझं अंग दुखायला लागलं ते थांबलंच नाही. मानेपासून खांद्यात, खांद्यातनं पाठीत, कमरेत. सकाळी उठून जमिनीवर पाय टेकवला की तळवे असे ठणकायचे की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले. सगळं चांगलं. शेवटच्या डॉक्टरांनी कागद पुढं सरकवले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मनाला लावून घेऊ नका." आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. हे पेढे घेऊन आले. आणि मी न्हाणीत जाऊन, पाण्याचा नळ सोडून रडले. काहीतरी निघालं असतं तर निदान नाव तरी मिळालं असतं.

घरात दुखतंय म्हणायची सोय नव्हती. पिठाचा डबा उतरवताना "आई गं" म्हणून तोंडातनं गेलं की आत्याबाईंचा आवाज आलाच, "काय झालं? मोडलं का काय? दुखतं तर दुखतं. सांगत काय बसायचं त्यात?" हे बिचारे भांडण नको म्हणून पेपरात डोकं घालायचे. मीही मग पदर तोंडात धरायला शिकले. पण दाबून ठेवलं म्हणून दुखणं कमी होतं का? उलट माणूस चिडचिडं होतं. पोरांवर ओरडायची मी, विनाकारण.

तुंगाक्का मला दवाखान्याच्या बाकावर भेटल्या. निवृत्त शिक्षिका, नवरा वारलेला, एकट्याच राहायच्या. कमरेला पट्टा. माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळा भार डावीकडं देऊन बसलाय. उजवीकडं देववत नाही ना?"

मला असं कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथंच, बाकावर, चारचौघांत हुंदके द्यायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, रुमालही पुढं केला नाही. रडू दिलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी घरी या. काही आणू नका. तेवढं चांगलं तोंड घरी ठेवून या."

त्यांचं घर कृष्णेच्या घाटाकडं उतरणाऱ्या बोळात. बाहेरच्या बाजूनं दगडी पायऱ्या चढून माडीवर जायचं. वर एक लांबट खोली, सतरंजी, दोन-चार उशा. तुंगाक्का सरळ जमिनीवर उताण्या पडायच्या. बसलं की त्यांच्या मणक्यात कळ यायची. शमशाद मुल्ला नावाची बाई यायची, पेठेत शिवणकाम करायची. तिचा अर्धा चेहरा दुखायचा. वारा लागला, घास चावला, जोरात बोललं की गालातनं कळ डोक्यात जायची. त्यामुळं भर उन्हाळ्यातही स्कार्फ गुंडाळलेला आणि बोलणं अर्ध्या तोंडानं. पण त्या अर्ध्या तोंडानं ती जे बोलायची त्यानं आमची हसून मुरकुंडी वळायची. आणि इंदू घाडगे. तिच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. पेला धरता यायचा नाही म्हणून चहा वाटीत घेऊन दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरायची. बोटं थकलेली, पण जीभ आमच्या चौघींत तिचीच धडधाकट.

तिथले नियम तुंगाक्कांनी घालून दिलेले. आधी दार लावायचं. मग कुणी कुणाशी बोलायचं नाही, आपापल्या जागी पडायचं, टेकायचं, उभं राहायचं, जसं बरं वाटेल तसं, आणि आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं कण्हून घ्यायचं. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली! तोंड उघडेना. मग शेजारी इंदूनं असा काही "अयायायाया गं" म्हणून सूर लावला की माझ्याही तोंडातनं आपोआप निघालं. एकदा निघालं ते थांबेना. केवढं मोकळं वाटलं म्हणून सांगू. दुखणं तेवढंच होतं, पण त्याच्यावर ठेवलेला धोंडा तेवढा बाजूला झाला.

मग कुणालातरी हसू फुटायचं, की झालं. चहा. आणि चहाबरोबर प्रत्येकीनं सांगायचं, आज कुठं दुखतंय, कसं दुखतंय. बाकीच्यांनी ऐकायचं. फक्त ऐकायचं. औषध सुचवायचं नाही. ओवा, निर्गुडी, एरंडेल, तिबेटी वैद्य, कुणाच्या चुलत जावेला आलेला गुण, यातलं एक जरी नाव कुणी काढलं तर सगळ्यांचे पेले तिनं विसळायचे. पहिले काही शुक्रवार मीच विसळत होते.

घरी मात्र काय सांगायचं? आत्याबाईंना सांगू, की मी कण्हायला जाते? त्यांना भजनाची आवड, म्हणून मी भजनी मंडळ म्हणून सांगितलं. जाताना टाळ घेऊन जायची, खात्री पटावी म्हणून. इंदूला ही युक्ती एवढी आवडली की तिनंही घरी तेच सांगितलं. शमशाद नवऱ्याला सांगायची, पोलक्याची नवी कटिंग शिकायला जाते.

त्या एका दुपारच्या जोरावर माझा आठवडा निघायचा. गुरुवारी कंबर धरली की मनाला सांगायची, उद्यापर्यंत काढ, उद्या आहे. हे आत्याबाईंना कळलं असतं तर संपलंच होतं. त्यांनी मला शुक्रवारी उंबरा ओलांडू दिला नसता. वर पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि मग मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं मी तुंगाक्कांकडं पळाले. इंदू आणि शमशादलाही निरोप धाडून बोलावून घेतलं. ऐकल्यावर तिघींचे चेहरे बघण्यासारखे झाले.

"सांग की, मंडळ मोडलं म्हणून," शमशाद म्हणाली.

"मोडलं म्हणून सांगितलं तर मग शुक्रवारी मी कुठं म्हणून बाहेर पडू?"

"ते पण खरंच," इंदू म्हणाली. "आमच्या घरी पण तीच पंचाईत. आपण असं करूया. देव्हाऱ्यामागं टेप लपवायचा, भजनाची कॅसेट लावायची आणि आपण नुसती तोंडं हलवायची."

"आणि मध्ये लाइट गेली तर?" तुंगाक्का आडव्या पडल्या-पडल्या म्हणाल्या. "नको. बोलावलंय तर जायचं. चाळीस वर्षं मी पोरांकडून प्रार्थना म्हणून घेतली आहे, तुम्हा तिघींकडून एक गजर नाही का म्हणवून घेता येणार?"

नाहीच आला. टाळ वाजवायला इंदूची बोटं वळत नव्हती. टाळ्या वाजवाव्यात म्हटलं तर माझे खांदे चार टाळ्यांत आग ओकायला लागले. शमशादनं तोंड उघडलं की ती गाल धरून भिंतीकडं वळायची. बरं, तालाला तुंगाक्का होत्या, पण त्या उताण्या पडून.

"अक्का, भजनाला असं आडवं पडून कोण बसतं?" इंदू म्हणाली.

"कोण बसतं म्हणजे? आडवं पडून कुणी बसत नाही, पडतंच," तुंगाक्कांच्यातली शाळेतली बाई जागी झाली. "अनसाबाईंना सांगू, की माझी ही साधना आहे."

"आणि मी? मला बघून त्या काय म्हणतील?" शमशादनं विचारलं. "हेमा, तुझ्या सासूला सांगितलंस का, तुझ्या भजनी मंडळात मुल्लांची शमशाद आहे ते?"

मी नव्हतं सांगितलं. विषयच कधी निघाला नव्हता.

"तू आली नाहीस तरी चालेल, बाई," मी म्हटलं. "तुला कशाला त्रास."

"वा गं वा. तुमची फजिती होणार आणि मी घरात बसून काजं करू? मी येणार. बोलणार नाही, पण येणार."

शुक्रवार उजाडला. पौषातली थंडी, आणि थंडीत आमच्यासारख्यांचे हाल विचारू नका. हे कारखान्यावर गेले, पोरं शाळेत गेली. मी सकाळपासून धास्तावलेली. आत्याबाईंनी सगळी पेठ गोळा केली असणार, शेजारच्या सावंतकाकू येणार, वरच्या आळीतल्या जोशीणबाई येणार, आणि त्या तर खऱ्या भजनवाल्या. त्यांच्यापुढं आमचा पहिला सूर लागला की आटोपलंच.

सोप्यात गेले तर आत्याबाईंनी माळ्यावरच्या गाद्या काढून ओळीनं अंथरलेल्या. लोड, उशा, रग. आत चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी आधण येऊन उकळत होतं आणि शेजारी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शेकाच्या पिशव्या काढून ठेवलेल्या.

"आत्याबाई, एवढ्या गाद्या कशाला? सतरंजी घातली असती."

"थंडी आहे. बायांना खालनं गार लागंल."

"आणि एवढं पाणी?"

"चहाला."

एवढ्या पाण्यात अख्ख्या गावाचा चहा झाला असता. मी मनात म्हटलं, म्हणजे अख्खं गाव येणार आहे. मेले मी.

पहिल्या तुंगाक्का आल्या, रिक्षातनं, पट्टा आवळून. मग इंदू, नव्या लुगड्यात. मग शमशाद, तोंडाला स्कार्फ, हातात डाळिंबं. आत्याबाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं.

"तू मुल्लांची का गं?"

शमशादनं मान हलवली.

"माझ्या ह्या पोलक्याची बाही दाटती. पुढच्या वेळी येशील तेव्हा बघ जरा. बस आत, दारात वारं लागतंय तुला."

मग त्यांनी पुढचं दार लावलं. कडी घातली. मला वाटलं, उघडं राहू दे, बायका यायच्यात. पण म्हणायचा धीर झाला नाही. तेवढ्यात खिडकीतनं सावंतकाकूंनी हाक मारली, "अनसाबाई, काय कार्यक्रम हाय का?"

"न्हाई बाई. जरा पडती मी," असं म्हणून आत्याबाईंनी खिडकीही लावून घेतली.

म्हणजे कुणीच येणार नव्हतं? मग हा घाट कुणासाठी घातला होता? मी तुंगाक्कांकडं बघितलं, तुंगाक्कांनी माझ्याकडं. आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "करा सुरू."

आता जे झालं त्याला मी भजन म्हणणार नाही. तुंगाक्कांनी लोडाला रेलून गजर धरला, तो वरच्या पट्टीत गेला आणि परत आलाच नाही. इंदूनं टाळ मनगटांना बांधून आणलेले, ते एकमेकांवर कधी बसायचे, कधी हुकायचे. मी डोळे मिटले होते, भक्तीनं नव्हे, शरमेनं. शमशाद नुसती डोलत होती, पण ती उलट्या बाजूला डोलत होती. कसाबसा गजर संपला. देवानं कान झाकून घेतले असतील.

"बास," आत्याबाई म्हणाल्या. "चांगलं म्हणालात."

त्यांच्या तोंडून एवढं धडधडीत खोटं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आता ते दुसरं म्हणा."

"दुसरं कुठलं हो?" इंदू घाबरून म्हणाली. "आम्हाला एवढं एकच येतंय."

"ते नव्हे का. ते तुमचं... दार लावून म्हणता ते."

मला वाटलं, झालं, आता कडाडणार. मी उठायला लागले, काय करायला कोण जाणे, पाया पडायला नाहीतर पळून जायला.

"बस खाली," आत्याबाई म्हणाल्या. पण आवाज चढला नव्हता. "मंगसरात तू एकदा टाळ घरी इसरून गेलीस. म्हटलं, टाळाबिगर ही काय भजन करणार? मी घेऊन आले तुझ्या मागनं. बोळापर्यंत आले. आणि त्या पायऱ्या." त्यांनी तुंगाक्कांकडं बघितलं. "अक्का, तुमच्या त्या पायऱ्या काय चढाव्यात माणसानं? पहिलीवरच बसले. हाका मारल्या, तर वर कुणाला ऐकू जाईना. तुमचंच सुरू झालेलं. आधी मला वाटलं, वर कुणीतरी मरायला टेकलंय. मग हसायला लागलात. मग ही इंदू का कोण, ती सांगाय लागली, की बोटं रात्री कशी ठणकतात ते. सगळं खाली येत होतं."

"मग तुम्ही वर का नाही आलात?" मी विचारलं.

"येववत नव्हतं गं. उठावं म्हटलं तर उठवंना. तिथंच बसले. आणि तुम्ही वर ऊं ऊं करत होता, तवा माझ्या तोंडातनं पण गेलं. मी पण कण्हले. तुमच्यात मिसळून गेलं, कुणाला कळलं न्हाई."

शमशादनं तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला. गार हवा लागेल याचीसुद्धा तिला पर्वा राहिली नाही.

"मग पुढच्या शुक्रवारी पण गेले," आत्याबाई खाली बघत म्हणाल्या. "तू गेलीस की थोड्या वेळानं निघायची आन् तुझ्या आधी परत यायची. पायरीवर बसायची. तुमचं सुरू झालं की माझं. पर आता थंडीत तिथवर चालवत न्हाई. वाटेत दोनदा बसावं लागतंय, लोक इचारतात. म्हटलं, आपल्याला जाववत न्हाई तर मंडळालाच घरी बोलवावं."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. ह्या बाईला मी सासऱ्यांच्या मयतीतसुद्धा अशी बघितली नव्हती. तुंगाक्का नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, जसं दर शुक्रवारी म्हणायच्या तसं, "अनसाबाई, कुठं दुखतंय?"

आत्याबाईंनी उजव्या मांडीच्या सांध्यावर हात ठेवला. "हे. हेमाच्या नवऱ्याच्या वेळंला सुईणीनं ओढाताण केली, तवापासनं. खाली बसलं की आतनं कुणीतरी पिळल्यागत होतंय. म्हणून तर म्या जेवायला बसत न्हाई."

मी तिथंच डोक्याला हात लावला. इतकी वर्षं त्या बाईच्या उभ्यानं जेवण्याला मी टोमणा समजत होते.

"आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत?" इंदूनं विचारलं.

"कुणाला सांगायचं? सासूला सांगितलं, तर म्हणाली, बाळंतपणं आम्हाला न्हाई झाली का? मग तोंड मिटलं ते मिटलं. मालकांना मरेस्तोवर कळलं न्हाई." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि मग तू आलीस. जरा काय झालं की आई गं, आई गं. मला असा राग यायचा तुझा हेमे, असा राग यायचा! तुला दुखतं म्हणून न्हाई. तुला बोलता येतं म्हणून. म्या जन्मभर दाबून धरलं आणि ही खुशाल बोलती. मला वाटायचं, हिला गप करावं."

"केलंतच की गप," मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, पण गेलं तोंडातनं.

"व्हय. केलं."

एवढंच म्हणाल्या. पुढं काही नाही. त्यांच्या तोंडून माफीबिफीचा शब्द निघणार नव्हता आणि मला तो नकोही होता. त्यांनी भिंत सोडली आणि गादीकडं बघत राहिल्या, आता खाली कसं उतरावं अशा. मी उठले. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं शमशादनं. माझ्या खांद्यातनं कळ गेली, तिच्या गालातनं गेली असणार, कारण दोघी एकदमच "आई गं" आणि "अल्ला गं" म्हणालो. इंदूनं मनगटांनी उशी सरकवली. आत्याबाई आडव्या झाल्या. मी शेकाची पिशवी भरून आणली, त्यांच्या मांडीखाली ठेवली. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांचा पाय मी पहिल्यांदा हातात घेतला होता. केवढा हलका पाय!

"दार लावलेलं आहे," तुंगाक्का म्हणाल्या. "होऊ दे."

आत्याबाई आधी नुसत्याच हुंकारल्या. देवाला नैवेद्य दाखवताना पुटपुटतात तसं.

"अहो, मोकळ्या गळ्यानं," तुंगाक्का म्हणाल्या. "सावंतकाकूंना ऐकू गेलं तरी चालेल."

"त्या भवानीला कशाला ऐकवू?" असं आत्याबाई म्हणाल्या, आणि ते म्हणता-म्हणताच त्यांच्या पोटातनं जो आवाज निघाला तो अजून माझ्या कानात आहे. लांब, खोल. कितीतरी वर्षं कुठंतरी खाली पडून राहिलेला. इंदूनं त्यात आपला मिसळला. मग शमशादनं, मग मी. सोपा नुसता भरून गेला. आत्याबाईंच्या डोळ्यांतनं पाणी कानाकडं ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

हसू पहिल्यांदा त्यांनाच फुटलं. "मघाशी भजनात एवढा सूर लागला असता तर!" त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही चौघी कोलमडलोच. तुंगाक्का तर "हसवू नका, मणका, मणका" म्हणून ओरडायला लागल्या.

मी चहा ठेवला. आत्याबाईंनी पडल्या-पडल्या इंदूची बोटं हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "निर्गुडीचा पाला आणून..."

"भांडी!" तिघी एकदम ओरडल्या.

"कसली भांडी?"

त्यांना नियम समजावून सांगितला. "हा कुठला न्याय?" त्या म्हणाल्या. पण मान्य केलं. म्हणाल्या, उभ्यानं घासीन.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आत्याबाई गेल्या, तुंगाक्काही गेल्या. पुढं आमच्या सोप्यात कितीतरी बायका येऊन गेल्या, दोन पुरुषही. पण मला सारखी आठवते ती तीच दुपार. चहा झाला होता. इंदूनं सांगून झालं होतं, शमशादनं झालं होतं. मी पेले गोळा करायला हात लावला, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे ते. माझे आहेत ते."

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांनी मला किती प्रश्न विचारले असतील. मीठ घातलंस का, दूध तापवलंस का, इतका वेळ कुठं होतीस. हा मात्र कधीच विचारला नव्हता.

"हेमे," त्या म्हणाल्या, "तुझं गं? तुझं कुठं दुखतं?"

मला वाटलं होतं, कुणी घरातलं असं विचारलं तर मी एका दमात सगळं सांगून टाकीन. पण आता कुठनं धरावं तेच कळेना. त्यांनी घाई केली नाही. मनगटही सोडलं नाही.

मी खांद्यापासून सुरुवात केली.